बसकी मोटार आणि टायरची साक्ष

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय येते, शिवकाल येतो, स्वातंत्र्याचा लढा येतो. मोटारीच्या चाकाने या व्यासपीठावर चढावे हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. विषयपत्रिका छापून आली तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारलेही, "अहो, इतिहास सांगणार आहात की गॅरेज काढणार आहात?" मी म्हटले, थोडे थोडे दोन्ही.

हा इतिहास आपल्या गावचा नाही. तो अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वभागातला आहे. तेथील मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांच्या मुलांनी दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या जुन्या मोटारी मुद्दाम जमिनीलगत बसक्या केल्या. कॅलिफोर्निया राज्याने १९५८ पासून त्या बसकेपणाला कायद्याची फूटपट्टी लावली, आणि ६६ वर्षांनी, १ जानेवारी २०२४ रोजी, ती स्वतःच मोडीत काढली. या फूटपट्टीने मोजली ती गाडीची जमिनीपासूनची उंची. पण गाडी खाली बसवली की खरा फरक पडतो तो चाकाच्या कोनात, आणि तो कोन टायरवर लिहिला जातो. इतकी वर्षे उंची मोजली गेली. टायरला कोणी काही विचारले नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, परंतु ते पटण्यासाठी आधी चाक समजून घ्यावे लागेल.

मी इंजिनिअर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझे शिक्षण बस आगाराच्या टायर विभागात आणि नंतर युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटात झाले. त्यामुळे श्रोत्यांत कोणी इंजिनिअर असतील तर त्यांनी माझी भाषा सांभाळून घ्यावी.

बैलगाडीचे चाक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि वर चढवलेली लोखंडी धाव. गाडी वळली की आतले चाक कमी अंतर चालते, बाहेरचे जास्त. दोनच चाके असली तर फारसे बिघडत नाही. पण चार चाकांच्या गाडीत पुढची जोडी मागच्या जोडीच्या पुढे वळवायची म्हटली की प्रश्न उभा राहतो. जुन्या घोडागाड्यांत पुढचा संपूर्ण कणाच मध्यावर फिरत असे. त्याला जागा फार लागे आणि वळणावर गाडी कलंडण्याची भीती असे. म्युनिकचा गाडीकारागीर गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर याने १८१६च्या सुमारास यावर तोड काढली: कणा जागेवर ठेवायचा, फक्त त्याच्या दोन टोकांची चाके वळवायची, आणि तीही अशी की आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळेल. लंडनमध्ये त्याचे पेटंट १८१८ साली रुडॉल्फ आकरमन या त्याच्या प्रतिनिधीने घेतले. आकरमन हा चित्रांचा व पुस्तकांचा मोठा प्रकाशक. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत या रचनेला आकरमनचे नाव आहे. आकरमनही मुळात खोगीर आणि गाड्या घडवणाराच होता, आणि इंग्लंडमध्ये इरॅस्मस डार्विन याला हीच कल्पना साठेक वर्षे आधी सुचली होती, हे सांगितले पाहिजे. तरीही कारागिराने घडवावे आणि नाव कागद दाखल करणाऱ्याचे व्हावे, हा प्रकार माझ्यासारख्या युनियनवाल्याला अगदी ओळखीचा वाटतो.

मोटार आली तेव्हा तिने ही वळण्याची रचना घोडागाडीकडून जशीच्या तशी उचलली. त्याबरोबर चाकांचा कलही उचलला. सुरुवातीच्या मोटारींची पुढची चाके वरच्या बाजूने बाहेर झुकलेली असत. या झुकण्याला कँबर म्हणतात. मोटारीसमोर उभे राहून पाहावे: चाकांचे माथे एकमेकांपासून दूर गेलेले दिसले तर धन कँबर, एकमेकांकडे कलले असले तर ऋण कँबर. दुसरा कोन टो. तो वरून पाहायचा. काही माणसे पायाची बोटे आत वळवून चालतात, काही बाहेर फाकवून. चाकांच्या जोडीचेही तसेच असते. कॅस्टर नावाचा तिसरा एक कोन आहे. गाडी सरळ चालण्याशी त्याचा मोठा संबंध आहे, टायरच्या झिजेशी कमी. म्हणून तो बाजूला ठेवतो.

लोखंडी धावेला या कोनांचे फारसे वाटत नाही, ती रस्ताच खाते. रबर मात्र स्वतः झिजते. कँबर वाकडा असला तर टायर एका खांद्यावर चालतो आणि तो खांदा आधी जातो. टो चुकला तर त्याहून वाईट. आपण साधे गणित करू. चाकाचा व्यास ६५० मिलिमीटर धरा. दोन्ही चाकांत मिळून टो ३ मिलिमीटरने चुकला आहे, म्हणजे प्रत्येक चाक दीड मिलिमीटरने तिरके आहे. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण गाडी १ किलोमीटर सरळ गेली की ते चाक सुमारे २.३ मीटर आडवे घासले जाते. हजार किलोमीटरला २.३ किलोमीटर. एखादा टायर हाताने आडवा ओढत या सभागृहापासून सव्वादोन किलोमीटर न्या, आणि मग त्याच्याकडे पाहा. गॅरेजमध्ये म्हणतात, "गाडी टायर खातेय." शब्द अगदी चपखल आहे.

आमच्या टायर विभागातले जुने लोक झीज डोळ्यांनी पाहत नसत, तळहाताने वाचत. टायरवरून हात आतून बाहेर फिरवायचा, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले तर टो चुकला आहे. फक्त एक कड गुळगुळीत असेल तर कँबर. मधला पट्टा गेला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा गेल्या असतील तर हवा कमी. मी ज्या परिवहन सेवेत होतो तिथे एके वर्षी टायर लवकर झिजवल्याबद्दल चालकांना खुलासे मागण्यात आले. ब्रेक जोरात मारता, वळणे वेगाने घेता, असा आरोप होता. आम्ही काय केले, तर रिमोल्डला निघालेले टायर आगाराच्या भिंतीशी ओळीने मांडले आणि साहेबांना म्हटले, हात फिरवून पाहा. बहुतेक सर्वांची आतली कड गेलेली, बाहेरची शाबूत. जोरात ब्रेक मारणारा चालक काही फक्त आतल्या कडेने ब्रेक मारत नाही. किंगपिनचे बुश ढिले झाले होते. दुरुस्तीला पैसा नव्हता. खुलासे मागे घेतले गेले. साक्षीदार म्हणून टायर फार चांगला. तो घाबरत नाही आणि फुटतही नाही. म्हणजे फुटतो, पण त्या अर्थाने नाही.

आता गाडी खाली बसवली की कोन का बिघडतात ते पाहू. पूर्वी पुढची दोन्ही चाके एकाच ताठ कण्यावर असत. १९३०च्या दशकात अमेरिकन मोटारींत प्रत्येक पुढचे चाक स्वतंत्रपणे वरखाली होऊ लागले. पुढे रूढ झालेल्या रचनेत ते दोन बाहूंवर टांगलेले असते, आणि वरचा बाहू मुद्दाम खालच्यापेक्षा आखूड असतो. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, तेव्हा बाहेरचे चाक गाडीच्या मानाने वर चढते. आखूड बाहूचे टोक लहान वर्तुळात फिरते, म्हणून ते अधिक आत ओढले जाते आणि चाकाचा माथा आत कलतो. त्यामुळे गाडी झुकली तरी टायर रस्त्यावर सपाट राहतो. योजना सुंदर आहे, पण ती एका ठरावीक उंचीभोवती बांधलेली आहे. स्प्रिंग कापून गाडी चार बोटे खाली आणली की सरळ रस्त्यावरही चाक कायम वळणावर असल्यासारखे आत कलते. स्टिअरिंगचा दांडाही आपल्या वेगळ्या वर्तुळात फिरलेला असतो, म्हणून टोही हलतो. आतल्या कडेवर भार आणि वर घसट, असा दुहेरी मार बसतो. शिवाय ती कड गाडीखाली असते, उभ्या माणसाला दिसत नाही. बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतून त्याच्या तारा उघड्या पडलेल्या असतात. स्प्रिंग कापणे हा पोरखेळ नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पुढे मी या पोरांची बाजू घेणार आहे, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

पूर्व लॉस एंजेलिस ही मेक्सिकन वंशाच्या लोकांची मोठी वस्ती. या शहराला आपण सिनेमामुळे ओळखतो, पण ते एके काळी टायरचेही शहर होते; अमेरिकेत अॅक्रननंतर टायरच्या उत्पादनात त्याचाच क्रमांक लागे. गुडइयरचा कारखाना तेथे १९२०मध्ये आला. शेजारच्या साउथ गेटमध्ये १९२८ साली फायरस्टोनचा आणि १९३६ साली जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना उभा राहिला. मेक्सिकन माणसाला अशा फाटकातून आत जाणे आरंभी अवघडच होते. मग युद्ध आले. १९४३च्या जून महिन्यात सुटीवरच्या नाविकांनी आणि सैनिकांनी शहरात मेक्सिकन तरुणांना रस्त्यावर, सिनेमागृहांत गाठून मारले आणि अंगावरचे कपडे फाडले. कारण काय, तर ती पोरे ढगळ, लांब कोटांचे झूट सूट घालत. पोलिसांनी पकडले ते बहुतांशी मार खाणाऱ्यांनाच. पोशाखावरून गुन्हेगार ठरण्याचा अनुभव त्या वस्तीला असा आधीच होता.

युद्ध संपले. सैन्यातून परतलेल्यांच्या हाती थोडा पैसा आला, कारखान्यांत काम मिळू लागले, आणि जुन्या शेव्हरोले मोटारी स्वस्तात मिळत होत्या. गोऱ्या पोरांत तेव्हा हॉट रॉडचे वेड होते: हलकी गाडी, मोठे इंजिन, सुसाट वेग. मेक्सिकन पोरांनी याच्या नेमके उलट केले. डिकीत वाळूची पोती टाकून गाडीचे बूड खाली बसवले, मग स्प्रिंगा कापल्या, आणि व्हिटियर बुलेव्हार या आपल्या हमरस्त्यावरून ती मुंगीच्या चालीने काढली. त्यांचे ब्रीदच होते 'बाहितो इ सुआवेसितो': खाली आणि हळुवार. अशा गाडीला आणि ती चालवणाऱ्याला लो-रायडर म्हणू लागले. जो समाज दुसऱ्यांच्या घाईने आठवडाभर पळतो, त्याने रविवारी मुद्दाम सावकाश जावे, यात मला मोठा स्वाभिमान दिसतो. कोणाला त्यात नुसता थाटमाट दिसेल. आपल्याकडे बेंदराला बैलाची शिंगे रंगवून त्याला गावातून मिरवणाऱ्याला कोणी विचारत नाही की यात शेतीचा फायदा काय.

१९५८च्या आरंभापासून कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात नवे बंधन आले. पुढे ते कलम २४००८ म्हणून प्रसिद्ध झाले. मूळ रचनेत बदल करून मोटारीचा चाकांखेरीज कोणताही भाग चाकाच्या रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षाही जमिनीजवळ आणणे बेकायदा ठरले. यामागचा तर्क समजण्याजोगा आहे: टायर बसला तर गाडी रिमवर टेकावी, पोटावर टेकू नये. तर्काविषयी माझी तक्रार नाही. बसक्या गाड्या गोऱ्या पोरांतही होत्या, म्हणजे कलमाच्या शब्दांत वंश कुठेच नव्हता. पण कलम कागदावर असते आणि पट्टी पोलिसाच्या हातात असते. रिमची कड आणि गाडीचे पोट यांतले अंतर मोजायचे तर गाडी थांबवावी लागते. कोणाची गाडी थांबवायची, हे कलमात लिहिलेले नसते.

यावर तोड काढली रॉन अगिरे याने. त्याच्याकडे शेव्हरोलेची कॉर्व्हेट होती, तिला त्याने एक्स-सॉनिक नाव दिले. १९५९च्या सुमारास, वडिलांच्या मदतीने, युद्धातून उरलेल्या विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडर त्याने त्या गाडीला बसवले. विमानाचे पंख आणि चाके हलवणाऱ्या तेलाच्या दाबावर आता मोटार वरखाली होऊ लागली. रस्त्यावर खाली, पोलीस दिसला की वर, कायद्याच्या पट्टीइतकी. पट्टी लावा, उंची बरोबर आहे. साधनाशिवाय वाढलेल्या माणसाची ही बुद्धी आहे. कायद्याने एक आकडा ठरवला, त्याने तो आकडाच हलता केला. हीच युक्ती पुढे संपूर्ण लो-रायडर परंपरेचे वैशिष्ट्य झाली, आणि गाड्या रस्त्यावर नाचूही लागल्या.

पण इथेच घोडे पेंड खाते. पोलिसाला फसवता आले, टायरला आले नाही. ज्या गाडीची उंची ठरलेली नाही तिच्या चाकांचा कोनही ठरलेला नाही. खाली सोडली की आखूड बाहू माथा आत ओढतो; फार वर उचलली तरी बाहू खाली लोंबून माथा पुन्हा आतच ओढला जातो. मग कारागिरांनी वरचा बाहू कापून, तुकडा जोडून, वेल्ड करून लांब केला. वर उचललेल्या गाडीची चाके आता सरळ दिसू लागली. पण तीच गाडी नेहमीच्या उंचीवर आणली की माथा बाहेर झुके आणि टायरची बाहेरची कड जाई. आत वाचवावे तर बाहेर, बाहेर वाचवावे तर आत. शेवटी सुज्ञ कारागीर मालकाला विचारू लागला: तू बहुतेक वेळ कोणत्या उंचीवर गाडी चालवतोस? त्या उंचीवर गाडी धरून तो अलाइनमेंट करी. बाकीच्या उंचींचा खर्च मालकाने सोसायचा.

खर्च केवढा, याचीही कल्पना देतो. लो-रायडरांची सर्वांत आवडती गाडी शेव्हरोले इम्पाला. १९६४ची इम्पाला सुमारे १,६०० किलो वजनाची. तिला नंतरच्या काळात १३ इंची बारीक तारांची चाके आणि १५५/८० आर १३ मापाचे टायर घालण्याची रीत पडली. हे माप लहान मोटारीचे आहे. त्यावर ७९ हा भारांक असतो, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ४३७ किलो. चारांना मिळून १,७४८. आता डिकीत हायड्रॉलिकसाठी आठ बॅटऱ्या ठेवा, एकेक पंचवीस-तीस किलोची. त्यांचेच दोनशे किलो झाले, आणि पंप, तेल, माणसे अजून चढायची आहेत. टायर वाकडा तर होताच, त्यावर भारही क्षमतेपलीकडे. दुष्काळात तेरावा महिना. हे सारे मी त्या पोरांच्या कौतुकात दडवून ठेवणार नाही. धोका होता. पण तो धोका मोजायला पोलिसाने गुडघे टेकून टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवायला हवा होता. पोटाखालचे अंतर ठीक असले की याच गाडीला त्या कलमाची हरकत नव्हती.

चाकाच्या कोनाचा धोका काही वस्तीतल्या पोरांनीच निर्माण केला असे नाही. त्याच सुमारास, १९५९ साली, जनरल मोटर्सने शेव्हरोले कॉर्व्हेर ही मोटार बाजारात आणली. तिची मागची चाके झुलत्या कण्यावर होती. या रचनेचे पेटंट एडमंड रुम्पलरने १९०३ साली घेतले होते. तीत अर्धा कणा आतल्या टोकाशी बिजागरीसारखा हलतो, म्हणून चाक वरखाली झाले की त्याचा कँबर भरमसाट बदलतो. तीव्र वळणावर गाडीचे बूड उचलले गेले तर मागचे चाक गाडीखाली मुडपू शकते. तोल सांभाळण्यासाठी कंपनीने सांगितलेला उपाय होता टायरच्या हवेचा: पुढे १५ पौंड, मागे २६. सर्वसामान्य मालकाने पेट्रोल पंपावर चारही चाकांत सारखी हवा भरली की उपाय संपला. चाके आवरायला मदत करणारी पुढची दांडी १९६४च्या मॉडेलपासून सर्व गाड्यांना बसवली गेली. राल्फ नेडर यांनी १९६५ साली पुस्तक लिहून हे प्रकरण चव्हाट्यावर आणले, आणि १९६६ साली अमेरिकेत वाहनसुरक्षेचा संघीय कायदा झाला. नंतर, १९७२मध्ये, सरकारी चाचणीने कॉर्व्हेर आपल्या काळच्या इतर गाड्यांहून अधिक धोकादायक नव्हती असा निष्कर्ष काढला. तो वाद आजही चालतो. माझा मुद्दा त्या निकालाचा नाही. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या लाखो गाड्यांच्या चाकांचा कोन तपासणारा कायदा १९५८ साली कुठेच नव्हता. गल्लीत स्प्रिंग कापणाऱ्याच्या गाडीचे पोट मोजणारा मात्र होता. कंपनीच्या वाकड्या चाकाचा दोष मालकाच्या हवा भरण्यावर आला, आमच्या ढिल्या किंगपिनचा दोष चालकाच्या ब्रेकवर आला. दोन्हीकडे कातडी वाचली ती एकाच थराची.

व्हिटियर बुलेव्हारची पुढची कथा नुसत्या मोटारींची नाही. २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध तेथे हजारो मेक्सिकन-अमेरिकनांचा मोर्चा निघाला. पोलिसांनी तो उधळला, आणि त्याच रस्त्यावरच्या एका बारमध्ये बसलेले पत्रकार रुबेन सालाझार अश्रुधुराचे नळकांडे लागून मरण पावले. त्या रस्त्यावर रात्री सावकाश फिरणाऱ्या गाड्यांचा अर्थ त्यानंतर सरकारलेखीही बदलला आणि लोकांलेखीही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस पोलिसांनी आठवड्याच्या शेवटी हा रस्ता गाड्यांच्या फेऱ्यांना बंद करण्यास आरंभ केला. १९८०च्या दशकात गावोगावच्या नगरपालिकांनी तसे नियम केले: ठरलेल्या वेळेत एकाच ठिकाणावरून पुन्हा पुन्हा गेलात तर दंड. सॅन होजेसारख्या शहरातही हे झाले, जिथून १९७७ साली 'लो-रायडर' हे मासिक निघाले होते.

या तारखांशेजारी मी दुसऱ्या तारखा ठेवतो. युनियनच्या माणसाची ही खोड आहे. गुडइयरचा लॉस एंजेलिसचा कारखाना १९७०च्या दशकाच्या शेवटी बंद झाला. साउथ गेटचा फायरस्टोन १९८०मध्ये. व्हिटियर बुलेव्हार ज्या गावातून जातो त्या पिको रिव्हेरातला फोर्डचा कारखानाही १९८०मध्येच. साउथ गेटचा जनरल मोटर्स १९८२मध्ये. टायर करणारे, मोटार जोडणारे हजारो हात दोन-चार वर्षांत रिकामे झाले. आणि साधारण त्याच काळात, रविवारी त्या मोटारी फिरवायचा रस्ताही बंद झाला. एकाने दुसरे घडवले असे मी म्हणत नाही. पण ज्या घराला दोन्ही एकदम लागले त्याला हा फरक समजावून सांगायला मी जाणार नाही. गिरण्या गेल्यावरची गिरणगावातली संध्याकाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी अधिक काय सांगू?

गाड्या मात्र टिकल्या. बापाने मुलाला वेल्डिंग शिकवले, मुलाने मुलीला. जेसी वालादेझ यांची गुलाबांनी रंगवलेली १९६४ची इम्पाला, 'जिप्सी रोझ', २०१७ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली आणि राजधानी वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती मैदानावर काचेच्या पेटीत ठेवली गेली. लोक संघटित झाले; कौन्सिलच्या सभांना बसून राहिले, आमदारांकडे खेटे घातले. २०२२ साली सॅन होजे आणि सॅक्रामेंटो या शहरांनी आपापल्या बंद्या उठवल्या, २०२३मध्ये नॅशनल सिटीने. त्याच वर्षी आमदार डेव्हिड अल्वारेझ यांचे विधेयक राज्य कायदेमंडळात संमत झाले आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर सही केली. १ जानेवारी २०२४पासून शहरांचा फेऱ्या रोखण्याचा अधिकार गेला आणि बसकेपणावरचे जुने कलमही गेले.

आपल्याकडे हौशी पोरे स्प्रिंगा कापतात, पुण्या-मुंबईत मी अशा गाड्या पाहिल्या आहेत. आपला कायदा उंचीची पट्टी लावत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ सांगितला, की उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येणार नाही. म्हणजे इथे प्रमाण कंपनीचा कागद. कंपनीच्या कागदावर विसंबण्यात काय धोका असतो ते कॉर्व्हेरने दाखवले आहे, पण निदान तो कागद एकाच वस्तीला लागू होत नाही.

कॅलिफोर्नियातले कलम गेले म्हणून भूमिती गेलेली नाही. आजची अलाइनमेंटची यंत्रे कॅमेऱ्याने चाक पाहतात आणि पडद्यावर आकडे दाखवतात. बरोबर असले तर हिरवे, चुकले तर लाल. ते बरोबर-चूक कारखान्याच्या उंचीचे असते. बसकी इम्पाला यंत्रावर चढवली की पडदा लाल होतो. मग मेकॅनिक मालकाला तोच जुना प्रश्न विचारतो, गाडी त्या उंचीवर धरायला सांगतो, आधी टो सरळ करतो, कारण टायर लवकर खातो तो टो, आणि कँबर जमेल तेवढा आणतो. टायरच्या खाचेत १.६ मिलिमीटरची खूणपट्टी असते. रबर तिच्याशी आले की टायर संपला. बाहेरच्या बाजूची पट्टी उभ्याने दिसते. आतली पाहायची तर स्टिअरिंग पूर्ण वळवून गुडघ्यावर बसावे लागते आणि हात आत घालावा लागतो.